पायरियासाठी अजून एक गोळी? नागपुरातल्या एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ५६ वर्षांचे. महाल भागात कपड्याचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर बसणं, गळ्यात तुळशीची माळ. मधुमेह अकरा वर्षांपासून, रक्तदाब चार वर्षांपासून. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. तक्रार तीन ओळींत मावणारी होती: ब्रश केला की रक्त येतं, समोरच्या हिरड्या फुगल्यात, आणि वरची डावी दाढ चावताना हलते. सोबत त्यांच्या पत्नी होत्या आणि पत्नीच्या हातात औषधांची पिशवी.

खुर्चीत बसण्याआधीच काकाजींनी अट घातली. "डॉक्टरसाहेब, पायरियावर एखादी चांगली गोळी लिहून द्या जी. पोरानं इंटरनेटवर वाचलं, हिरड्याले ओमेगा थ्री चालते म्हणे, अजून कायकाय चालते म्हणे. पण ते घासून काढनं नको. साफ केले का दात हालतेत."

ही अट मी रोज ऐकतो. तिच्यामागे खरा अनुभव असतो, म्हणून ती उडवून लावता येत नाही. दातांच्या मुळांभोवतीचं हाड झिजलेलं असतं आणि त्या रिकाम्या जागेत किटण भरलेलं असतं. शेजारच्या दातांना जोडून धरणारं ते किटण काढलं की दात हलल्यासारखा वाटतो. हलायला तो आधीच लागलेला असतो, ते किटणामुळे कळत नव्हतं इतकंच. पण ज्याच्या काकानं सफाई करून घेतली आणि वर्षभरात चार दात गेले, त्याला हे तोंडी सांगून पटत नाही. एक्स-रे दाखवावा लागतो.

तपासणीत खालच्या समोरच्या दातांच्या मागे काळपट-पिवळ्या किटणाची सलग भिंत होती. वरच्या समोरच्या दातांमधल्या हिरड्या मात्र वेगळ्या दिसत होत्या. पायरियात हिरडी लाल, सैल, रक्ताळलेली असते. इथे ती तशी तर होतीच, शिवाय दोन दातांमधल्या त्रिकोणी जागेतून गाठीसारखी पुढे आली होती, घट्ट, आणि दाताचा बराच भाग झाकत होती. प्रोब, म्हणजे खुणा केलेली बारीक सळई, घालून मोजलं तर निम्म्याहून जास्त जागी रक्त आलं. दाढांजवळ सहा-सात मिलिमीटरचे पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधल्या खोल फटी, होते; निरोगी हिरडीत ही खोली तीनपर्यंत असते. वरच्या डाव्या दाढेत मुळं जिथे फुटतात त्या फाट्यापर्यंत हाड गेलेलं होतं. उजव्या गालाच्या आत, खालच्या दाढांपाशी हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडली होती. विचारल्यावर कळलं, ती खर्र्याची जागा. दिवसाला तीन पुड्या. नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांना खर्रा समजावून सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून पानठेल्यावर मिळतो तो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. खर्र्याच्या पुडीवर ना कंपनीचं नाव असतं ना इशारा, त्यामुळे लोक त्याला घरगुती गोष्टीसारखं धरतात. तोंडासाठी तो गुटख्याइतकाच वाईट. काकाजींचं तोंड पूर्ण उघडत होतं, गालाच्या आतली त्वचा कडक झालेली नव्हती. त्याबाबतीत त्यांचं नशीब चांगलं.

शेवटची तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ८.९ होती. आजच्या वर्गीकरणात (ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं) हा तिसऱ्या टप्प्याचा पेरिओडोन्टायटिस, म्हणजे पायरियाच. एचबीए१सी सातच्या वर असल्यामुळे वेगानं वाढणारा, म्हणजे 'सी' श्रेणीचा.

मग मी पिशवी मागितली. काकू जरा संकोचल्या. दाताच्या डॉक्टरला बीपीच्या गोळ्या कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तरी त्यांनी सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराईडची एकत्र गोळी. बीपीची अम्लोडिपिन दहा मिलिग्रॅम. अॅस्पिरिन ७५. ओमेगा थ्रीच्या मोठ्या पिवळ्या कॅप्सूल, मुलानं पुण्याहून ऑनलाइन पाठवलेल्या. व्हिटॅमिन डी साठ हजार युनिट, आठवड्याला एक. व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या. झिंक घातलेली मल्टिव्हिटॅमिन. मिरीचा अर्क मिसळलेली हळदीची कॅप्सूल. आणि अर्धी संपलेली ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल या अँटिबायोटिकची पट्टी, हिरडी दुखली की मेडिकलमधून आणायची ती.

नऊ औषधं. त्यांतली दोनच चालू चिठ्ठीवर होती, पहिली दोन. काकाजी माझ्याकडे दहावी मागायला आले होते.

माझ्या मते अशा वेळी हिरड्यांसाठी आणखी काय द्यावं हा प्रश्न दुसरा येतो. पोटात आधीच जाणाऱ्या गोळ्या हिरड्यांचं काय करताहेत, हा पहिला. या प्रकरणात त्याचं उत्तर डोळ्यांसमोरच होतं: ती फुगलेली, घट्ट हिरडी. अम्लोडिपिन ज्या गटातलं आहे त्या गटातली औषधं काही रुग्णांत हिरडी वाढवतात. अपस्माराच्या फेनिटॉइनमुळे हिरड्या वाढतात हे १९३९ पासून नोंदलेलं आहे, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना मिळणारं सायक्लोस्पोरिनही तेच करतं. अम्लोडिपिनमुळे हे होण्याचं प्रमाण त्याच गटातल्या निफेडिपिनपेक्षा कमी आहे, पण बीपीसाठी अम्लोडिपिन इतक्या लोकांना दिलं जातं की महिन्यात एखादा तरी असा रुग्ण दिसतोच. दातांवर जिवाणूंचा थर असेल तर ही वाढ जास्त होते, आणि वाढलेल्या हिरडीखाली ब्रश पोचत नाही म्हणून थर आणखी साचतो. काकाजींची बीपीची गोळी दीड वर्षापूर्वी पाचची दहा झाली होती. हिरड्या फुगल्या त्या त्यानंतर, हे काकूंनीच आठवून सांगितलं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. बीपीची गोळी रुग्णानं आपल्या मनानं बंद करायची नाही, आणि दंतवैद्यानंही ती परस्पर बंद करायची नाही. मी त्यांच्या फिजिशियनना चिठ्ठी लिहिली: हिरड्यांची वाढ औषधामुळे असावी असं दिसतं, दुसरा पर्याय शक्य आहे का. सोबत अॅस्पिरिनबद्दल आणि साठ हजारच्या गोळीबद्दल विचारलं, आणि बी-१२ची तपासणी सुचवली. हे शेवटचं का, ते जिभेमुळे. काकाजींची जीभ कडांना गुळगुळीत आणि लालसर होती. तिखट झेपत नाही, सावजी मसाल्यातली भाजी सोडूनच दिली, असं ते सहज बोलून गेले होते. पूर्ण शाकाहारी माणूस आणि अकरा वर्षं मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी-१२चं शोषण कमी होतं हे पक्कं माहीत असलेलं आहे.

आठवड्यानं उत्तर आलं. अम्लोडिपिनच्या जागी टेल्मिसार्टन सुरू झालं. अॅस्पिरिन बंद, कारण ते कोणी लिहिलेलंच नव्हतं. शेजारच्या दुकानदाराला अँजिओप्लास्टीनंतर मिळत होतं, 'हार्टले चांगलं' म्हणून काकाजींनी आपणहून सुरू केलं होतं. व्हिटॅमिन डीचं प्रमाण ८८ नॅनोग्रॅम निघालं, म्हणजे भरपूर. गुडघेदुखीसाठी आठ आठवड्यांची चिठ्ठी होती, ती दीड वर्ष चालली. कॅल्शियम वाढलेलं नव्हतं हे बरं झालं. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. बी-१२ मात्र १४२ पिकोग्रॅम, स्पष्ट कमी. सात पूरक आणि ऐच्छिक औषधं घेणाऱ्या माणसाला नेमकी ज्याची उणीव होती ती गोष्ट पुरेशी मिळत नव्हती. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-१२ थोडं असतं, पण शोषणच मंदावलेलं असताना तेवढ्यानं भागत नाही.

आता मुलानं वाचलेल्या गोष्टीकडे येऊ, कारण ती खोटी नव्हती. हार्वर्डमधल्या चार्ल्स सर्हान यांच्या गटानं ओमेगा थ्रीपासून शरीरात तयार होणारे रिझॉल्विन नावाचे रेणू शोधले. ते सूज दाबत नाहीत, तर ती वेळेवर संपवतात, आणि अॅस्पिरिनच्या उपस्थितीत त्यांचे खास प्रकार तयार होतात. पायरियात जिवाणू सुरुवात करतात, पण हाड खाल्लं जातं ते न संपणाऱ्या सुजेमुळे, म्हणून ही कल्पना हिरड्यांच्या डॉक्टरांना साहजिकच भावली. २०१० मध्ये एका छोट्या चाचणीत सफाईसोबत ओमेगा थ्री आणि कमी मात्रेचं अॅस्पिरिन दिलं तेव्हा नुसत्या सफाईपेक्षा पॉकेट जास्त कमी झाले. सफाईसोबत, हा शब्द महत्त्वाचा. ज्यांना गोळ्या मिळाल्या त्यांचीही मुळं आधी नीट साफ केली होती. गोळी खा आणि सफाई टाळा असं कुठल्याही चाचणीनं सांगितलेलं नाही, आणि काकाजींना नेमकं तेच हवं होतं.

पुढे युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोन्टॉलॉजीनं २०२० मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा ओमेगा थ्री, प्रोबायोटिक, सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, हिरडीत भरायचं स्टॅटिनचं (कोलेस्टेरॉलच्या औषधाचं) जेल, मेटफॉर्मिनचं जेल यांतलं काहीच सफाईला जोडून नेहमी वापरावं असं म्हटलं नाही. मेटफॉर्मिन आणि स्टॅटिनच्या जेलवरचं बरंच काम आपल्याकडचं, बंगळूरच्या सरकारी दंत महाविद्यालयातलं. आकडे उत्साहवर्धक आहेत, पण बहुतेक एकाच ठिकाणचे, आणि बाजारात त्यांचं खात्रीचं तयार उत्पादन नाही. कमी मात्रेच्या डॉक्सिसायक्लिनची गोष्ट याहून गुंतागुंतीची. स्टोनी ब्रूकच्या लोर्न गोलब यांनी दाखवलं की टेट्रासायक्लिन गटातली औषधं जिवाणू मारण्यापलीकडे, हिरडीतलं कोलॅजन तोडणाऱ्या विकरालाही रोखतात. त्यावरून २० मिलिग्रॅमची, दिवसातून दोनदा घ्यायची गोळी निघाली, आणि १९९८ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्या मात्रेत ती जिवाणूंना मारत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१५ मध्ये तिच्या बाजूनं कौल दिला, युरोपनं पाच वर्षांनी नको म्हटलं. दोन्हीकडे जाणकार माणसं आहेत. फायदा मोजता येतो, पण मिलिमीटरच्या छोट्या अंशात, आणि त्यासाठी कित्येक महिने रोज दोन गोळ्या. अशा फायद्याचं मोल कोण कसं लावतो यावर मतभेद आहे.

मी काकाजींना ती दिली नाही. कारण साधं होतं: अम्लोडिपिन, ८.९ शुगर आणि तीन खर्रे ही तिन्ही चालू असताना मिलिमीटरच्या अंशासाठी दहावी गोळी लिहिणं मला योग्य वाटत नाही.

पिशवीतली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे ती ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची अर्धी पट्टी. हिरडी दुखली की दोन दिवस घ्यायची, बरं वाटलं की ठेवून द्यायची, वर्षातून चारपाचदा. दातावरचा थर म्हणजे सुटे जिवाणू नव्हेत. ते स्वतः तयार केलेल्या चिकट आवरणात एकमेकांना धरून बसलेले असतात, कढईच्या तळाला धरलेल्या खरपुडीसारखे. वरून पाणी ओतून ती निघत नाही, खरवडावीच लागते. अँटिबायोटिक त्या आवरणात पुरेसं शिरत नाही. वरवरची सूज उतरते, दुखणं थांबतं, आणि माणूस आणखी तीन महिने दवाखाना टाळतो. त्या तीन महिन्यांत हाड आणखी झिजतं. चिठ्ठीशिवाय हे औषध हातात ठेवणारा कोण होता ते मी विचारलं नाही, कारण शहरात कुठेही हेच घडतं. पण मनापासून सांगतो, मेडिकल स्टोअरमधून सुटं अँटिबायोटिक मिळणं बंद झालं तर माझ्यासारख्यांकडे रुग्ण दोन वर्षं आधी येतील आणि दात वाचतील. अँटिबायोटिकची जागा पायरियात आहे, पण मोजकी: तरुण वयात झपाट्यानं हाड जाणारे रुग्ण, ताप-सूज-पू पसरत असलेले रुग्ण, आणि तेही सफाईच्या जोडीनं.

व्हिटॅमिन सीबद्दल काकूंचा आग्रह होता. हिरडीतून रक्त म्हणजे सी कमी, हे त्यांनी शाळेत शिकलेलं. स्कर्वीत ते खरंच आहे. १७४७ मध्ये जेम्स लिंडनं खलाशांना संत्री-लिंबं देऊन ते दाखवलं. पण काकाजी नागपूरचे, थंडीत रोज दोन संत्री, वर्षभर लिंबू आणि आवळ्याचं लोणचं. प्रौढ पुरुषाची रोजची गरज ८० मिलिग्रॅम धरतात. एका पेरूतही ती बहुधा भागते. कमतरता नसताना वरून दिलेल्या सीनं पायरिया हटत नाही. चघळायच्या गोळीचा तर तोटाच होता. ती आम्ल असते, काकाजी ती गालात ठेवून हळूहळू विरघळवत, आणि खर्र्यामुळे उघड्या पडलेल्या मुळांवर इनॅमलचं कवच नसतं. त्या मुळांना थंड पाण्याचा ठणका लागत होता. गोळी बंद केल्यावर तो कमी झाला. हळदीच्या कॅप्सूलबद्दल इतकंच म्हणतो की मिरीच्या अर्कामुळे हळदीतलं कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त शिरतं, आणि तशा कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीतली हळद पुरे.

ओमेगा थ्रीच्या बाटलीवरचं मी काकाजींना वाचून दाखवलं. हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये उपयोगी दोन घटक मिळून तीनशे मिलिग्रॅम, बाकी नुसतं तेल. आणि ते तेल माशांचं. हे मला सांगावंच लागणार होतं. काकाजींचा हात माळेकडे गेला आणि ते काहीच बोलले नाहीत. काकू हळूच म्हणाल्या, "पोरानं मायेनं पाठवलं जी, त्याले का माहीत." मी म्हटलं, त्याचं मन मोडू नका, पुढच्या वेळी पैसे वाचव म्हणा. शेवाळापासून काढलेलं शाकाहारी ओमेगा थ्री मिळतं, पण हिरड्यांसाठी तेही मी लिहिणार नव्हतो. जवसाची चटणी घरात होतीच. जवसातल्या ओमेगा थ्रीचं शरीरात माशातल्या प्रकारात रूपांतर फार थोडं होतं, तेव्हा ती औषध म्हणून नव्हे, चटणी म्हणूनच खावी. हृदयासाठी तरी चालू ठेवू का, असं त्यांनी विचारलं. योगायोगानं त्यांच्याच दोन्ही गोळ्यांची, अॅस्पिरिन आणि ओमेगा थ्रीची, मधुमेह असलेल्या पण हृदयविकार नसलेल्या १५ हजारांहून जास्त लोकांवर एकाच मोठ्या चाचणीत परीक्षा झाली होती. असेंड नावाची ती चाचणी, निकाल २०१८ मध्ये आले. ओमेगा थ्रीनं हृदयविकार टळला नाही. अॅस्पिरिननं थोडा टळला, पण गंभीर रक्तस्रावाचं प्रमाण तितकंच वाढल्यानं हिशेब बरोबरीत सुटला. ज्यांना स्टेंट बसवला आहे किंवा झटका येऊन गेला आहे, त्यांची गोष्ट पूर्ण निराळी. त्यांनी दातांच्या उपचारासाठी अॅस्पिरिन थांबवू नये. सफाईत येणारं रक्त कापसाच्या बोळ्यानं दाबून थांबवता येतं.

उपचार तसा अनाकर्षक होता. एक्स-रेवर बोट ठेवून हाड कुठे होतं आणि कुठे आलं ते दाखवलं, तेव्हा काकाजी सफाईला तयार झाले. कडक ब्रश आणि लाल दंतमंजन बंद, मऊ ब्रश, आणि दातांमधल्या फटींसाठी बारीक ब्रश. तो पहिल्यांदा त्यांनी आरशासमोर स्वतः फिरवला तेव्हा तारेवर रक्त आणि पांढरट चिकट थर आला, वासासकट. त्यांनी तो नाकाजवळ नेला, काकूंना दाखवला, पुन्हा धुऊन पुढच्या फटीत घातला. माझ्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला. मग सुन्न करून चार बैठकांत मुळांची खोल सफाई. खालच्या दातांमागची किटणाची भिंत एका तुकड्यात सुटली तेव्हा जीभ तिथे लावून काकाजी दचकले, "दात गेला काय जी?" तो तुकडा मी त्यांच्या तळहातावर ठेवला.

खर्रा सुटला नाही. तीनचा एकावर आला, आणि तो एकही दुकान बंद करताना. गव्हर्नमेंट डेंटल कॉलेजमधल्या तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाला जा म्हणून सांगितलं आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं. रक्त येणाऱ्या जागा निम्म्याहून जास्त होत्या, त्या पाचावा हिस्सा उरल्या. समोरची फुगलेली हिरडी खूपच बसली, फक्त वरच्या डाव्या सुळ्याजवळ थोडी गाठ राहिली. खोल पॉकेट बहुतेक ठिकाणी चार मिलिमीटरवर आले. एचबीए१सी ७.८. पायरियाच्या उपचारानं मधुमेहींचं एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कोक्रेन आढाव्यात आहे. काकाजींचं त्याहून जास्त उतरलं, पण फिजिशियननं मधल्या काळात शुगरचं औषधही बदललं होतं, त्यामुळे कोणाचं श्रेय किती हे एका माणसावरून सांगता येत नाही. हिरड्यांचंही तसंच. अम्लोडिपिन बदलणं, सफाई, फटींचा ब्रश, कमी झालेला खर्रा हे सगळं एकत्र घडलं. एवढं मात्र नक्की सांगता येतं की हिरड्यांसाठी म्हणून एकही गोळी वाढवली नाही, उलट सात कमी झाल्या. वाढलं ते बी-१२, आणि ते रक्ताच्या रिपोर्टवरून. जिभेची आग थांबली आहे.

वरची डावी दाढ अजून प्रश्नच आहे. फाट्यातलं हाड सफाईनं परत आलेलं नाही, तिथे सहा मिलिमीटर कायम आहेत. शुगर साडेसातच्या खाली आणि खर्रा बंद झाला तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया करू, नाहीतर ती दाढ फार काळ धरणार नाही, हे दोघांनाही स्पष्ट सांगितलं आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी, येताना औषधांची पिशवी सोबत आणायची, आणि मुलानं नवीन काही पाठवलं तर तेही.